गोवर्धनच्या शिवारातून

नाशिक शहरातून गंगापूर रोडनं पश्चिमेकडे निघालं, की आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर अशी गावं ओळीनं मागे पडतात आणि रस्ता गोवर्धनला लागतो. सुला वाइनच्या पत्त्यात असतं ते हेच गाव. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची इथं रांग लागते. गाडीतून उतरायचं, टेस्टिंग रूममध्ये चार-पाच चषक चाखायचे, गंगापूर धरणाच्या पाण्यावर कलणारा सूर्य मोबाइलमध्ये पकडायचा आणि फार रात्र व्हायच्या आत कसारा घाट गाठायचा, असा बहुतेकांचा बेत. त्या गर्दीतल्या फार थोड्यांना कल्पना असते, की गोवर्धन हे नाव शहराच्या दुसऱ्या अंगाला, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरात कातळावर कोरून ठेवलेलं आहे. तेही सुमारे १९०० वर्षांपूर्वी.

पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २४ लेण्यांपैकी दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभं राहून मान वर केली, की भिक्षूंच्या खोल्यांच्या दारांवर, थेट छताखाली, ब्राह्मी अक्षरांच्या ओळी दिसतात. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात यानं हे लेणं खोदवून घेतलं आणि तिथं राहणाऱ्यांच्या खर्चाची तजवीजही केली. तजवीज अगदी आजच्या मुदत ठेवीसारखी. एकूण ३,००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, खायचं ते व्याज. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज झालं २४० कार्षापण. पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख बसतो. गोवर्धन त्या काळी ‘आहार’ होतं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनी ते आजच्या गोवर्धन-गंगापूरशी जुळवलं. राजघराण्यानं विश्वासानं पैसा ठेवावा इतके पतवंत विणकर या गावात होते, एवढं तर त्या भिंतीवरून वाचताच येतं.

आता थोडं आडवळण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. भडोच बंदरात काय खपतं, याची यादी तिच्यात आहे आणि त्या यादीत पहिल्याच दमात वाइन येते: इटलीची असेल तर उत्तम, नाहीतर सीरियातल्या लाओडिसियाची आणि अरबस्तानातली. राजाला द्यायच्या नजराण्यांत चांदीची भांडी आणि गाणारी मुलं यांच्याबरोबर उंची वाइनही सांगितली आहे. हा राजा कोण? पुस्तिकेत त्याचं नाव मॅम्बनस असं पडलं आहे आणि बहुतेक अभ्यासक त्याला नहपान मानतात. म्हणजे ज्याच्या जावयानं गोवर्धनच्या विणकरांकडे ठेव ठेवली, त्या सासऱ्याच्या बंदरात इटलीच्या वाइनचे रांजण उतरत होते. शिवाय नाशिकच्याच सतराव्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, दान कोरलेलं आहे. तेव्हा नाशिक आणि वाइन हे नातं कॅलिफोर्नियाहून परतलेल्या तरुणांनी जोडलं, हे म्हणणं खरं असलं तरी अर्धवट आहे.

नाशिक पाहायची आपली सवय खणाखणांची आहे. भाविक रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वर आणि वणी करून परततो. ट्रेकर पहाटे गाडी काढून हरिहर किंवा धोडप गाठतो आणि दुपारी मिसळ खाऊन घरी जातो. वाइनचा शौकीन गोवर्धन नाहीतर दिंडोरी. तिघं एकाच रस्त्यानं जातात आणि एकमेकांच्या ठिकाणांकडे ढुंकूनही बघत नाहीत. पुढच्या पानांतल्या वाटा या तिघांची गाठ घालून देण्यासाठी आहेत. त्यासाठी गाडी उपयोगाची नाही. दुर्ग, लेणी आणि द्राक्षबागा यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, तो पायाखालच्या मातीचा रंग बदलतो तेव्हाच कळतो.

संबंध मुळात दगडाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं. त्यातले काही थर टणक, काही भुसभुशीत. ऊनपावसानं मऊ थर झिजले, टणक थरांचे उभे कडे उरले. हे कडे म्हणजे आयते बुरूज. वर थोडी तटबंदी घातली, टाकी खोदली, की किल्ला तयार. दोन कठीण थरांमध्ये एकसंध कातळ सापडला तिथं छिन्नी लागली आणि लेणी झाली. आणि जे झिजून खाली आलं तो डोंगराच्या पायथ्याचा मुरूम. काळ्या कसदार रानात ऊस, गहू, कांदा जोमानं येतो, पण वाइनच्या द्राक्षाला तो जोम मानवत नाही; वेल पानांतच माजते. मुरमाड, उताराची, पाणी न धरणारी जमीन तिला बरी. शेतकऱ्याच्या दृष्टीनं जी जमीन दुय्यम, ती वायनरीच्या दृष्टीनं पहिल्या प्रतीची. किल्ल्यावर उभं राहून खाली पाहिलं, की हा हिशेब उलगडतो: नदीकाठच्या काळ्या पट्ट्यात ऊस आणि भाजीपाला, त्यावर खायच्या द्राक्षांचे मांडव आणि डोंगराच्या उताराला टेकलेल्या, तारांवर सरळ उभ्या ओळींत बांधलेल्या वाइनच्या वेली.

हवेचाही वाटा आहे. नाशिकचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हिवाळ्यात दुपारी ऊन चांगलं तापतं आणि रात्री पारा झपकन उतरतो. थंडीच्या बातम्यांत दरवर्षी निफाडचं नाव पहिलं येतं. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला नीचांक वर्तमानपत्रं आवर्जून छापतात. त्याच कुंदेवाडीच्या शिवारात रेव्हेलो ही वायनरी इटालियन जातींची द्राक्षं पिकवते. दिवसाच्या उन्हानं मण्यात साखर भरते, रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही लागतात.

पण हिवाळा आहे म्हणून हा युरोप नव्हे. तिकडे थंडीत वेल पानं टाकून झोपते आणि वसंतात आपसूक जागी होते. नाशिकच्या वेलीला झोप अशी नाहीच. म्हणून इथं वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधली खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात; आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी, तिच्यातून फळ येतं. छाटण्या दोन, पीक एक. ऑक्टोबरात दिंडोरी तालुक्यातून चालताना ही गोडी छाटणी जवळून पाहता येते. कात्री चालवणारा हात काडीवरचे डोळे मोजत पुढं सरकतो, मागून दुसरी तुकडी उरलेल्या डोळ्यांना रसायनाची पेस्ट लावत येते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ही उठाठेव. हे रसायन हायड्रोजन सायनामाइड, हाताळायला वाईट, हातमोजे हवेतच. त्याचा आणखी एक गुण मोठा मजेदार आहे. ते अंगात गेलेल्या माणसानं त्या सुमारास दारूचा घोट जरी घेतला, तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. शरीराची मद्य पचवण्याची यंत्रणाच ते अडवतं. वाइनच्या वेलीला जागं करणारं औषध मद्याचं असं हाडवैरी निघावं, हा रसायनशास्त्राचा विनोद म्हणायचा.

हे हात कुणाचे, हेही चालणाऱ्याला दिसतं, गाडीवाल्याला नाही. पेठ, सुरगाणा, कळवण या डोंगरी तालुक्यांतून आदिवासी मजूर जीपगाड्या भरभरून द्राक्षपट्ट्यात येतात. छाटणी, पेस्ट, विरळणी, काढणी, सगळं त्यांच्या जिवावर. काढणी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. वाइनची द्राक्षं उन्हं चढायच्या आत खुडून क्रेटमध्ये भरली जातात, म्हणजे गार असतानाच वायनरीत पोचतात. मणी बारीक, साल जाड, आत बी. तोंडात टाकला तर खायच्या द्राक्षापेक्षा किती तरी गोड, पण साल चावताना जीभ कोरडी पडते. बाजारातल्या लांबट, करकरीत थॉमसनची सवय असलेल्या माणसाला हे द्राक्ष पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटतं.

नाशिकची द्राक्षशेती वाइनसाठी सुरू झाली नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ओझरच्या बाजूला बागा लागल्या, त्या खाण्याच्या द्राक्षांच्या. भोकरी, गुलाबी या जुन्या जाती गेल्या, बिनबियांची थॉमसन आली, निर्यात आली. वाइनचा पहिला मोठा डाव तर नाशिकला नव्हे, जुन्नर तालुक्यात नारायणगावला मांडला गेला. १९८० च्या दशकात शातो इंडाजनं शॅम्पेनच्या पद्धतीची फसफसणारी वाइन काढून ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशी धाडली. (तिथंही शेजारी शिवनेरी, नाणेघाट आणि सातवाहन काळातली लेणी आहेतच. द्राक्षवेल आणि सातवाहन यांना सारखीच जमीन आवडते, असं गमतीनं म्हणायला हरकत नाही.) मग स्टॅनफर्डमध्ये शिकलेले राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले. १९९७ मध्ये त्यांनी गोवर्धनजवळ शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या जाती लावल्या, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव सुला. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून अबकारी करात सवलत दिली, निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क उभा राहिला आणि पाहता पाहता जो तो वायनरीची भाषा बोलू लागला.

हे फार दिवस चाललं नाही. २००८ मध्ये जगभर मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेलं ओस पडली. टाक्यांत वाइन तुंबली, वायनऱ्यांनी करारातली द्राक्षं उचलली नाहीत, अनेकांनी वाइनच्या वेली उपटून तिथं पुन्हा खायची द्राक्षं लावली. खायचं द्राक्ष निदान बाजारात नेऊन विकता येतं. वाइनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही, हा धडा गावोगाव पोचला. त्यातून जे तगले ते आज दिसतात. २०१३ मध्ये फ्रान्सच्या मोएत हेनेसीनं शाँदों भारतात आणली आणि दिंडोरीत बस्तान बसवलं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, त्यावर रान उठलं आणि तो अमलात आला नाही. वाइन ही शेतीमालाची प्रक्रिया की दारू, हा वाद या शिवारांत अजून मिटलेला नाही. बांधावर गप्पा निघाल्या की शेतकरी पहिल्या बाजूनं बोलतो आणि घरातली माणसं बहुतेकदा दुसऱ्या.

आता वाटांकडे. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात भरगच्च वाट शहरालाच चिकटून आहे, आनंदवली ते गोवर्धन. आनंदवली हे नाव राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून पडलं, असं मानतात. पानिपतानंतरच्या भाऊबंदकीत पुण्याशी बिनसलं की दादा इथं येऊन राहत. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनीही उतारवयात पुणं सोडलं आणि याच गंगापूरचा आसरा घेतला. म्हणजे ज्या दिरावर त्यांचा सर्वाधिक राग, त्याचं गाव त्यांच्या मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर. पेशवाईतल्या दोन रुसव्यांमधून गोदावरी वाहत होती, असा हा दोन-तीन मैलांचा पट्टा. आज त्यावर फार्महाऊस, लॉन्स आणि रिसॉर्ट यांची गर्दी झाली आहे आणि जुन्या खुणा शोधाव्या लागतात. नदीकाठानं चालत गेलं तर सापडतात.

दुसरी वाट रामशेजची. नाशिकच्या उत्तरेला पेठ रस्त्याजवळ, आशेवाडीच्या डोक्यावर हा किल्ला उभा आहे. उंची बेताची, चढ सोपा, लहान मुलंही तासाभरात माथा गाठतात. पहिल्यांदा येणारा हमखास म्हणतो, ‘एवढासाच?’ याच एवढ्याशा किल्ल्यानं औरंगजेबाच्या फौजेला पाच वर्षांहून अधिक काळ झुलवलं. १६८२ मध्ये शहाबुद्दीन खान वेढा घालून बसला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा मराठ्यांनी लाकडाच्या नळ्या पोखरून, त्यांवर कातडं चढवून तोफा केल्या. हे कुणा मराठी बखरकारानं नव्हे, मोगलांच्या बाजूच्या खाफीखानानं लिहिलं आहे. मोगलांनी किल्ल्याइतका उंच लाकडी दमदमा उभारला, तोही चालला नाही. पुढं दुसऱ्या सरदारानं मांत्रिक गाठला. मांत्रिकानं सोन्याचा नाग मागून घेतला, तो हातात धरून फौजेच्या पुढं चालू लागला आणि वरून आलेल्या गोफणीच्या दगडानं नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. शेवटी किल्ला पडला तो पैशानं. माथ्यावर गुहेतलं राममंदिर, पाण्याची टाकी, कातळात कोरलेला चोरदरवाजा आहे. पूर्वेला पाहिलं की दिंडोरीच्या बागा दूरवर पसरलेल्या दिसतात. फळ भरल्यावर पाखरांपासून राखायला टाकलेल्या जाळ्यांनी जानेवारीत त्यांचा रंगच पालटतो.

रामशेजहून उत्तरेला सातमाळा. ही रांग म्हणजे किल्ल्यांची ओळच: अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, मध्ये सप्तशृंगी. तिच्या दक्षिणेचं वणी-दिंडोरीचं मैदान आज पक्कं द्राक्षाचं रान आहे. १७ ऑक्टोबर १६७० रोजी या रानात लढाई झाली. शिवाजी महाराज सुरत दुसऱ्यांदा लुटून बागलाणातून परतत होते. दाऊदखान कुरेशी चांदवडहून रात्रीतून दौड करत आडवा आला. लुटीचं ओझं पुढं काढून देऊन महाराज स्वतः पिछाडीला उभे राहिले. मोगलांच्या आघाडीचा इखलासखान मुख्य फौजेची वाट न पाहता तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून कोसळला. दाऊदखानाबरोबर असलेल्या भीमसेन सक्सेनानं हा दिवस लिहून ठेवला आहे. मराठ्यांनी डोंगराचा आडोसा न घेता उघड्या मैदानावर मोठ्या मोगली फौजेला तोंड दिलं, म्हणून लष्करी इतिहासात या लढाईला मान आहे. मैदानावर तिची जाणीव करून देणारं मात्र फारसं काही नाही. ऑक्टोबरच्या मध्याला तिथं चालणाऱ्याला गोडी छाटणीची लगबग भेटते, ट्रॅक्टरवर ब्लोअर फिरत असतो आणि वेली नुकत्या भादरलेल्या असल्यामुळे नजर अडत नाही. कांचन-मंचनच्या खिंडीपासून दिंडोरीपर्यंत दोन फौजा कशा सरकल्या असतील, याचा अंदाज तेव्हाच येतो. दिवाळीनंतर पानं वाढली की तीच वाट हिरव्या भिंतींमधून जाते आणि इतिहास दिसेनासा होतो. या वाटेसाठी ऑक्टोबर सोडू नये.

धोडप त्याच रांगेत, पण त्याची गोष्ट वेगळी. १७६८ मध्ये राघोबादादा इथं थोरल्या माधवरावांविरुद्ध उभे राहिले, हरले आणि पुतण्याच्या कैदेत पुण्याला गेले. आनंदवली ते धोडप असा दादांचा माग काढत चालायचं म्हटलं तर निम्मा नाशिक जिल्हा पालथा होतो. किल्ल्याच्या टोकाला निसर्गानं कातळाच्या भिंतीत पाडलेली खाच आहे, ती मैलोन्‌मैल दिसते आणि वाट चुकलेल्याला दिशा देते.

पश्चिमेला, इगतपुरीच्या अंगाला, चित्र पालटतं. पाऊस बक्कळ, भात आणि नागली, आणि मधूनच वेलींच्या ओळी. सांजेगावच्या शिवारात ग्रोव्हर झांपा आहे. जवळच कावनईच्या बाजूला, मुकणे धरणाच्या पाण्यावर नजर ठेवून, व्हॅलोने. कावनईचा किल्ला बुटका, गावातून तासाभराचा चढ, शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी, माथ्यावर तळं. गावात कपिलधारा तीर्थ आहे आणि सिंहस्थाचं मूळ स्थान तेच, असं गावकरी ठासून सांगतात. त्र्यंबकला जाऊन हे बोलू नये. शिड्यांचा विषय निघाला म्हणून सांगायचं, तर १८१८ मध्ये त्र्यंबक पडल्यावर या भागातले डझनाहून अधिक किल्ले इंग्रजांच्या हाती आले. ते पुन्हा कुणाला लढवता येऊ नयेत म्हणून कॅप्टन ब्रिग्जनं वाटा आणि पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या पाहून मात्र तो इतका थक्क झाला, की त्या त्यानं तशाच राहू दिल्या. आज समाजमाध्यमांवर त्या पायऱ्यांची जी जत्रा भरते, तिचं थोडं श्रेय ब्रिग्जला द्यावं लागेल.

पूर्वेकडच्या निफाडच्या सपाटीत किल्ला नाही, चढ नाही, त्यामुळे ट्रेकर तिकडे फिरकत नाहीत. त्यांनी फिरकावं. गोदावरी आणि दारणेच्या संगमावर जोगलटेंभी आहे. १९०६ मध्ये तिथं नहपानाच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला निघाला. नहपानाचा पराभव झाला, हे याहून स्पष्ट कसं सांगणार? त्याच पराभवाची बढाई गौतमीपुत्राची आई बलश्री हिनं पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात मुलाच्या माघारी कोरवून ठेवली आहे. संगमावरून नदीच्या प्रवाहाबरोबर गेलं, की नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा लागतो. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. हिवाळ्यात बदकं पाण्यात, पोपट आणि साळुंक्या द्राक्षांत. पहिल्यांना पाहायला लोक दुर्बिणी घेऊन येतात, दुसऱ्यांना हाकलायला शेतकरी फटाके.

द्राक्षबागांतून पायी जाणं ही नवी टूम आहे, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. सिन्नर, निफाड, येवल्याकडून दिंड्या निघतात, त्या नेमक्या जानेवारीत, वाइनची द्राक्षं काढणीला यायच्या तोंडावर. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांचे लोंढे वणीच्या बागांना वळसा घालून गडावर चढतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. या लोकांना वाटेवरचं पाणी, सावली, मुक्कामाची देवळं पाठ असतात. पुढच्या प्रकरणांतल्या निम्म्याअधिक वाटा त्यांच्याच आहेत.

राहता राहिला शिस्तीचा भाग. बागेचा बांध खासगी असतो. ‘दादा, इथून रामशेजच्या वाटेला लागता येईल का?’ एवढं विचारलं, की सहसा वाट तर मिळतेच, वर चहाही मिळतो. न विचारता घुसलं तर कुत्रं मिळतं. घड तोडू नये. चोरीचा प्रश्न आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी बागेवर सतत फवारणी चालू असते आणि कालच्या फवाऱ्याचा घड पोटाला झेपत नाही. ब्लोअरचा आवाज आला तर वाऱ्याची दिशा पाहून लांबून जावं. बेमोसमी पावसाच्या दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू नयेत. त्याचं वर्षाचं उत्पन्न त्या रात्री टांगणीला लागलेलं असतं. किल्ल्यावर बाटली न्यायची नाही, रिकामीसुद्धा नाही. रामशेज काय, सप्तशृंगी काय, ही लोकांची देवस्थानं आहेत आणि पायथ्याशी वायनरी असली तरी माथ्यावरचा रिवाज तिच्यासाठी बदललेला नाही. वाइनसाठी कायद्यानं वय २१ लागतं. आणि क्रम उलटा करू नये: पहाटे किल्ला, ऊन चढायच्या आत खाली, गावातल्या खानावळीत पिठलं-भाकरी आणि मग टेस्टिंग रूम. तिथून परतताना गाडी चालवणारा वेगळा हवा. नाशिकहून दिंडोरी, पेठ, त्र्यंबक या तिन्ही बाजूंना एसटी सुटते आणि पुस्तकातल्या बहुतेक वाटांचं एक टोक तरी एसटीच्या थांब्याजवळ ठेवलं आहे, ते याचसाठी.